रुमालाखालचं प्रशिक्षण

साहेबांनी मला फसवलं. धाराशिवला मानसिक आरोग्याच्या कर्मचाऱ्यांना शिकवायला म्हणून बोलावलं आणि कागदावर रुग्ण म्हणून लावलं.

मी ईट गावाकडचा, बैलांचा व्यापारी. दुसऱ्यांचे बैल बाजारापर्यंत पायी हाकत नेण्यापासून सुरुवात केली आणि स्वतःच्या पिकअपपर्यंत आलो. मध्ये आजार आला. आठ दिवस झोप नव्हती, त्या अवस्थेत एका बाजारात मी दिसेल ती जोडी समोरचा मागेल त्या भावानं घेत सुटलो. एका जोडीसाठी अर्धा दिवस भांडणारा मी, त्या दिवशी मला सगळंच स्वस्त वाटत होतं. पुढं कित्येक महिने भिंतीकडं तोंड करून पडून होतो. दवाखाना झाला, गोळ्या लागू पडल्या, मी उठलो. पण बाजारात परत गेलो तर जुने व्यापारी चहा पाजायचे, सौदा करायचे नाहीत. "भाऊ आला न्हाय व्हय बरोबर?" असं विचारायचे. माझा शब्द एकट्यानं चालेनासा झाला होता.

दवाखान्यातही तेच. दर महिन्याला तपासणीला गेलो की तिथल्या सिस्टर माझ्या बायकोला विचारायच्या, "झोपतात का? गोळ्या घेतात का? चिडचिड करतात का?" मी शेजारच्याच खुर्चीत बसलेला. चार वर्षं ऐकून घेतलं आणि एक दिवस भडकलो.

"सिस्टर, बैल इकायला आणलाय का हिनं? मग दातबी बघा की माझे!"

बाहेरची रांग हसली. सिस्टरही हसल्या. केसपेपर बाजूला ठेवून म्हणाल्या, "मामा, हे आमच्या सगळ्या लोकांना सांगाल का?"

त्यांनीच साहेबांना माझं नाव दिलं. साहेब जिल्ह्यातल्या नर्स, समुपदेशक, आशाताई यांची प्रशिक्षणं घेतात. आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा कामाला, संसाराला लागताना कसा आधार द्यायचा, हा त्या तीन दिवसांचा विषय. साहेब म्हणाले, "अर्धा तास तुमचा अनुभव सांगा."

मी म्हणालो, "रडगाणं सांगायला मी येत न्हाय. शिकवायला येतो. सकाळची सगळी येळ माझी, आन् प्रशिक्षकांच्या यादीत माझं नाव."

"हो हो, चालेल की," साहेब म्हणाले. माझ्या धंद्यात एवढ्या शब्दावर सौदा पक्का होऊन बैल दावणीवरून सुटतो.

आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरून आकडा सांगतात. भोवती कितीही गर्दी असो, आतलं त्या दोघांनाच कळतं. आणि पहिला आकडा ज्याचं जनावर तो सांगतो. प्रशिक्षणाला आलेल्या तीसेक जणांना मी हेच शिकवायचं ठरवलं होतं. पहिल्याच सकाळी खांद्यावरचा रुमाल काढला, तिघातिघांचे गट केले. एक रुग्ण, एक कर्मचारी, एक नातेवाईक. बोलणं कामाचं: दिवसातले किती तास काम झेपेल? रुग्णानं रुमालाखाली बोटं धरून सांगायचं, कर्मचाऱ्यानं तसंच उत्तर द्यायचं. नातेवाइकानं फक्त उभं राहायचं.

एकच गोंधळ उडाला! उमरग्याचा एक दांडगा ब्रदर नातेवाईक झाला होता. त्याला काही गप्प राहवेना. "अहो, दोन कशाला म्हणतोय, ह्याला पाच तास आरामात जमतंय!"

"तुझा हात हाय का रुमालात?" मी ओरडलो.

"न्हाय, पण मला म्हाईत हाय ना."

"मग मागं हो. लई म्हाईत असणारे भेटलेत आमाला."

सगळा हॉल हसत होता. एरवी प्रशिक्षणात ज्यांना दोन तास झोप आवरत नाही ते लोक उभे राहून, बाह्या सरसावून भांडत होते. माझ्या अंगात असा जोर आला होता की मीच मनात तपासून पाहिलं, हा आजाराचा चढ तर नाही ना? नव्हता. रात्री नीट झोपलो होतो, गोळी घेतली होती. हा निव्वळ आनंद होता, जोडी मनासारखी जुळल्यावर होतो तसला.

मग आमच्या सिस्टर रुग्ण झाल्या. समोर जळकोटच्या समुपदेशक ताई, आणि नातेवाईक म्हणून माझ्याबरोबर आलेली माझीच बायको. बराच वेळ रुमाल हलत राहिला. सिस्टरांनी हात काढून घेतला आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, "मामा, मला तीन तास झेपले असते. पण मी एकच बोट धरलं."

"का वो?"

"वाटलं, तीन म्हटलं तर उद्या आठ मागतील."

मी टाळीच वाजवली! चार वर्षं त्यांच्यासमोर मी हेच करत होतो. बरं वाटतं म्हणालो की लगेच सगळं अंगावर टाकतील, म्हणून निम्मंच सांगायचो. हे पुस्तकातून सांगता येत नाही, हाताला कळावं लागतं. जेवणाची वेळ टळून गेली तरी कोणी उठेना. जळकोटच्या ताई म्हणाल्या, "मामा, पुढचं प्रशिक्षण उमरग्याला हाय, त्यालाबी तुमीच या." साहेब दारात उभे होते. त्यांनीही होकाराची मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सह्या सुरू झाल्या. प्रशिक्षकांची यादी फिरली, तीत मी नव्हतो. कारकुनानं दुसरा कागद आणला. त्यावर लिहिलं होतं: उपस्थित रुग्ण, एक. तो कागद त्यानं माझ्यापुढं नाही, बायकोपुढं सरकवला. "बाई, नातेवाईक म्हणून इथं सही करा."

मी कागद उचलून साहेबांकडं गेलो. "ठरलं काय होतं आपलं?"

"अहो, उपचार चालू असलेल्या माणसाला प्रशिक्षक दाखवायचा रकानाच नाही फॉर्ममध्ये."

"मग हो कशाला म्हणालात?" माझा आवाज चढला.

साहेबांनी माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं आणि अगदी हळू, काळजीच्या आवाजात बायकोला विचारलं, "वहिनी, सकाळची गोळी दिली होती ना?"

तीन दिवस शिकलेली माणसं समोर बसली होती. बायकोनं पेन खाली ठेवलं. "त्यास्नीच इचारा की, साहेब. तिथंच तर हायेत." सही न करता ती उठली. सिस्टर उठून तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी मला काही विचारलं नाही. फाईल बंद करून ते जेवायला गेले.

आता उमरग्याचं प्रशिक्षण ठरलं आहे. रुमालाचा खेळ त्यात आहे, मी नाही. मला निरोपसुद्धा आला नाही, सिस्टरांकडून कळलं.

मी संतापी आहे. आजाराच्या आधीही होतो, बाजारात कोणालाही विचारा. पण त्या दिवशीचा माझा राग शब्द मोडल्याचा होता, आजाराचा नव्हता, आणि साहेबांनी तीस माणसांसमोर तो आजारात ढकलला. ती माणसं आता गावोगाव जाऊन चिडलेल्या प्रत्येकाच्या बायकोला गोळीचं विचारतील, कारण शेवटी त्यांनी तेच पाहिलं. म्हणून उमरग्याला मी बोलावणं नसताना जाणार आहे. साहेबांनी तिथं, सगळ्यांसमोर, माझ्याकडं बघून उत्तर द्यावं: रकाना नव्हता, तर हो का म्हणालात? आणि मी चिडलो, तेव्हा मला का नाही विचारलंत?