नजमाच्या झुलीवरचा वाकडा बांध

वराळ्यात कलेची कदर नाही असं म्हणायची सोय नाही. पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल पडली की तिच्यावर मालकाचं नाव नीट उतरलंय का, हे अख्खं गाव डोळे फाडून बघतं. बस्स, कदर तिथंच संपते. नजमा लग्न होऊन आली तेव्हापासून झुली भरत होती. नवरा सरदार बैलांचा साज विकायचा, गोंडे, घुंगरं, वेसणी, आणि झुलींचं काम हिच्याकडं. गिऱ्हाईक यायचं नि म्हणायचं, "गेल्या साली व्हती तशीच करा भाभी, फकस्त नाव जरा मोठं." दर साली नावं मोठी होत गेली आणि वावरं लहान. आता तर एकेकाचं नाव झुलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, आणि जमीन म्हणाल तर बैल बांधायलाही उरलेली नाही.

यंदा नजमाला अवदसा आठवली. सून रुमाईसा लोणावळ्याच्या एका रिसॉर्टात रिसेप्शनवर. तिथं शहरातल्या बायकांच्या भरतकामाचं प्रदर्शन लागलं होतं, म्हणून ती सासूला घेऊन गेली. पहिल्याच भिंतीवर पांढरं कापड, त्यावर एकच लाल धावदोरा, तोही मध्येच सोडलेला, सुई लोंबतेय. खाली पाटी, ‘माहेर’. नजमाला वाटलं, बाईचं दूध उतू गेलं असेल, उठली असेल बिचारी. लोक यायचे, मान तिरकी करायचे, फोटो काढायचे आणि चहाकडं वळायचे.

"समकालीन कला आहे, अम्मी," रुमाईसा कुजबुजली.

"आसंल बाई. पण हिला आसं अर्धं सोडू दिलं कुनी?"

"कुणाला विचारायचंय? तिचं कापड, तिचा दोरा."

हे मात्र नजमाच्या डोक्यात घुसलं. ह्या बाईला कुणी नाव मोठं काढ म्हणालं नव्हतं! परतताना तळेगाव येईपर्यंत नजमा एक अक्षर बोलली नाही. आणि नजमा गप्प बसली म्हणजे घरात काहीतरी नुकसान ठरलेलं, असा सरदारचा अनुभव होता.

नुकसान झालंच. हौशीराम आबांची झूल तिनं स्वतःच्या मनानं भरली. नवी नवरी असताना ती त्यांच्या खाचरात भाताच्या आवणीला जायची, तेच खाचर तिनं झुलीवर उतरवलं. हिरवी रिळं संपवली. पाण्यासाठी आरशाच्या बारीक टिकल्या लावल्या. मधोमध तपकिरी साखळी टाक्यात हौशीराम आणि त्याचा चुलतभाऊ धोंडिबा यांच्यातला बांध घातला, धोंडिबाच्या अंगाला पोट काढून गेलेला, तिनं पाहिला होता तसा. त्या जागेवर आता टोलेजंग सोसायटी उभी आहे. झुलीवर ती नव्हती. हौशीरामचं नावही नव्हतं.

सरदारनं झूल उलटीपालटी करून बघितली. "आगं, नाव कुटंय?"

"न्हाई."

"मग ही झूल कुनाची?"

"माझी."

"मग बैल बी तूच आन."

नजमानं फणकाऱ्यानं झूल ओढून घेतली खरी, पण मग मनात हिशोब सुरू झाला. आबांनी झूल फेकली तर पुढच्या साली गावात कुणी काम देणार नाही. ते एक वेळ चालेल. पण उसव म्हणाले तर? जन्मात एकदा मनासारखं भरलेलं स्वतःच्या हातानं उसवायचं, हे काही तिच्यानं होणार नव्हतं.

पोळ्याला गड्यानं झूल नेली नि न बघताच बैलावर टाकली, आणि हौशीरामचा बैल मारुतीपुढं आला. वावर विकलं तरी मिरवायला म्हणून पोसलेला, खाऊन खाऊन माजलेला. झूल बघून लोक नाव शोधायला लागले. धोंडिबानं तर कापडाला नाक लावलं. "आरं, हे तर आपलं खाचर!" त्याचं बोट हिरव्यावरून फिरत फिरत बांधापाशी आलं, आणि तो बोंबललाच. "बघा! ह्यानं बांध कोरला का न्हाई? मी घसा फोडून सांगत व्हतो तवा कुनी ऐकलं न्हाई. भाभीच्या सुईनं सांगितलं!"

हौशीराम लालबुंद. "भाभी, उसवा हे! आत्ताच्या आत्ता! बांध सरळ करा आन वर माझं नाव टाका."

"हात लावायचा न्हाई," धोंडिबा ओरडला. "पुरावा हाय त्यो!"

दोघांनी ती जमीन एकाच बिल्डरला, एकाच टेबलावर पेढे खात विकली होती. आता बोटभर दोऱ्यासाठी एकमेकांच्या गचांड्या धरायला निघाले! लोणावळ्याच्या त्या भिंतीपुढं कुणी इतक्या जवळून काही बघितलं नव्हतं, हे नजमाच्या लक्षात आलं. भीतीतसुद्धा तिला हसू फुटलं.

"न्हाई उसवनार," ती म्हणाली. "मी आवणीला यायचे तवा आसाच व्हता बांध."

"चला मग जाग्यावर! सरळ व्हता का न्हाई दाखवतो!" हौशीराम गरजला.

निघाली वरात. ढोल, बैल, दोघे भाऊबंद, मागं नजमा, आणि "दुकान कोन बगनार?" म्हणत तिच्यामागं सरदार.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन आडवा आला. "कुणाकडे जायचंय?"

"आमच्या वावरात," हौशीराम म्हणाला.

"फ्लॅट नंबर सांगा, फोन लावतो. आणि बैल बाजूला घ्या, गाड्या निघतायत."

मागून हॉर्न वाजला. ढोलवाला थांबला. दोघे टाचा उंचावून गजांतून बघायला लागले. आत निळा पोहायचा तलाव, त्यात पोरं डुंबत होती.

"तितं... त्या घसरगुंडीपाशी," धोंडिबा म्हणाला. "न्हाई, जरा अलीकडं."

"अलीकडं कसा? पलीकडं."

बांध काही दोघांनाही सापडेना. बैलानं तेवढ्यात गेटाजवळचं फुलझाड मटकावलं. त्या जमिनीचं पीक कित्येक वर्षांत पोटात गेलं ते त्याच्याच.

हौशीराम मागं वळला. झुलीवरच्या तपकिरी दोऱ्यावर त्यानं बोट ठेवलं आणि कडेपासून चालवत नेलं. बांध वाकला तिथं बोटही वाकलं.

"वाकडाच व्हता," तो म्हणाला.

धोंडिबानंही त्याच वाकावर बोट टेकवून बघितलं. म्हणाला, "लय न्हवता वाकडा."

"भाभी, उसवू नगा," हौशीराम म्हणाला.

"आन नाव, आबा?" नजमानं सवयीनं विचारलं.

"कुटं टाकता? समदं वावरच हाय."

"माझ्या अंगाला हीर व्हती," धोंडिबा हळूच म्हणाला. "ती ऱ्हायली."

नजमानं पदराला टोचून ठेवलेली सुई काढली आणि वॉचमनच्या खुर्चीवर बसकण मारली.

"हिरीला मोठा आरसा लागंल," ती सरदारला म्हणाली. "जावा, दुकानातनं घिऊन या."