सात घरांचा रेडिओ

राग यायला मला फारसं कारण लागत नाही. सिडनीजवळ आमच्या पॅरामॅटाला लॉकडाऊन लागला आणि घरून काम करता करता मी दोन हेडफोन आणि एक माउस भिंतीवर फोडला. बायको म्हणाली, "हाताला काहीतरी काम दे, नाहीतर पुढचा नंबर टीव्हीचा." म्हणून कपाटातून जुना एफएम ट्रान्समीटर काढला. काड्यापेटीएवढा जीव त्याचा. इतक्या कमी ताकदीच्या यंत्राला इथे परवाना काढावा लागत नाही. आवाज आमच्या ब्लॉकपुरता, म्हणजे दोन विंगच्या इमारतीपुरता जायचा, खाली पार्किंगपर्यंत पोचला की नुसती खरखर. अँटेना वाढवायचा मोह रोज व्हायचा, पण तेवढा नियम मी पाळला.

मग गणपती आले. एकमेकांच्या घरी जायला बंदी. पहिल्या संध्याकाळी झूमवर आरती केली तर प्रत्येकाची टाळी वेगळ्या वेळी पोचत होती, नुसता गोंधळ. रेडिओवर मात्र सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू येतं. ब्लॉकमधल्या सात मराठी घरांनी कुठून कुठून रेडिओ पैदा केले. रोज संध्याकाळी सातला मी पेटी घेऊन माइकसमोर बसायचो, बायको झांजा वाजवायची, आणि सात बाल्कन्यांमधून एका ठेक्यात टाळ्या पडायच्या. आपल्या एका बटणावर एवढी माणसं हलतात याचा मला माज चढला. दुसरा शब्द नाही.

समोरच्या विंगमध्ये, आमच्याहून एक मजला खाली, पुण्याचं एक जोडपं राहायचं. त्यांना सहा वर्षांची मुलगी. नवरा इंजिनियर, हसरा, लिफ्टपाशी भेटला की आधी हात वर करणारा. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा मेसेज आला. "दादा, उद्यापासून आरती थोडक्यात आटपाल का? एकच म्हटली तर बरं होईल."

माझं डोकं सणकलं. मी ऑफिसच्या मीटिंगा सोडून घसा फोडतोय आणि या बाईला दहा मिनिटं देवासाठी नाहीत. तिला 'नो वरीज' असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाच आरत्या म्हटल्या. त्याच्या पुढच्या दिवशी सात. सगळ्यांना सांगितलं, टाळ्या जोरात येऊ देत. लोकांना मजा आली.

सहाव्या दिवशी माझा घसा बसला. बायको माइकवर बसली आणि मी खिशातला छोटा रेडिओ घेऊन बाल्कनीत गेलो, आवाज कसा पोचतो ते बघायला. टाळ्यांमध्ये कुणीतरी ठेका चुकवत होतं. मध्येच एक जड, बोदा ठोका. कोण हा गाढव म्हणून मी शोधायला लागलो. समोर, त्या पुण्याच्या जोडप्याच्या किचनचा पडदा त्या दिवशी अर्धा वर राहिला होता.

त्याने तिचे केस मुठीत धरले होते आणि तो तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटत होता. त्याला कसलीही घाई नव्हती. टाळ्या वाढल्या की तोही जोर वाढवायचा. तिच्या भुवईतून रक्त गालावर आलं होतं आणि तोंड उघडं होतं. ती ओरडत असणार, पण मला माझ्याच बायकोचा आवाज ऐकू येत होता.

तेव्हा मला तो मेसेज कळला. आमची आरती चालू असेपर्यंत तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार नव्हता, आणि मी ती वेळ रोज वाढवत नेली होती.

आत धावलो, ट्रान्समीटरच्या वायरला हात घातला आणि थांबलो. आरती मध्येच तोडायची नसते, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. शेवटचं कडवं चालू होतं. ते संपेपर्यंत मी वायर हातात धरून उभा राहिलो. तिचं मनगट टाळ्या थांबायच्या जरा आधी मोडलं, असं तिने नंतर पोलिसांना सांगितलं. ती वाचली, आज मुलीला घेऊन वेगळी राहते, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या कडव्याची लाज माझ्या मनातून गेलेली नाही.

मग वायर खेचली. सगळ्या बाल्कन्यांमधून खरखर सुरू झाली. लोकांनी आपापले रेडिओ बंद केले आणि मग तिची किंकाळी अख्ख्या ब्लॉकने ऐकली. बायकोने पोलिसांसाठी ट्रिपल झीरोला फोन लावला. मी थांबलो नाही. जिने उतरून, अंगण ओलांडून त्यांच्या दारावर लाथा घालायला लागलो. दार मुलीने उघडलं.

तो हात पुसत समोर आला. "काही नाही, ती पडली," म्हणाला. माझ्या हातात तो छोटा रेडिओ होता, तोच मी त्याच्या तोंडावर मारला. प्लास्टिक फुटलं, त्याचं नाक फुटलं. तो खाली बसला तरी मी मारतच राहिलो, मुठीने, गुडघ्याने. मला बरं वाटत होतं. ती ओट्याला टेकून, मोडका हात छातीशी धरून म्हणत होती, "दादा, पुरे. दादा, पुरे." मी तिचंही ऐकलं नाही.

मुलगी रडली नाही. ती मला वळसा घालून शेल्फपाशी गेली, टाचा उंचावून तिने त्यांच्या रेडिओचं बटण फिरवलं आणि आवाज पूर्ण वाढवला. घरभर खरखर झाली. तिने बटण पुन्हा मागेपुढे करून पाहिलं. मग माझ्याकडे वळून, चूक तिचीच असल्यासारखी, हळूच म्हणाली, "सॉरी अंकल, द साँग इज नॉट कमिंग टुडे."