तिचा बिनदुधाचा चहा

हॅम्बर्गला आमच्या वरच्या मजल्यावर एक आसामी कथालेखिका राहते. तिला लिहिताना मी कधीच पाहिलं नाही. ती फक्त चहा पाजते, तोही बिनदुधाचा, आणि मान कलती करून म्हणते, "अच्छा... फिर?" त्या 'फिर'ने दगड बोलायला लागेल; मी तर सून! पुण्याहून आलेल्या सासूबाई तुपाची बरणी उशाशी घेऊन झोपतात, हेसुद्धा मी सांगून बसले. घाबरायचं काय? "मैं तो असमिया में लिखती हूँ, यहाँ कौन पढ़ेगा?" असं लेखिकाबाईच म्हणायच्या, अगदी भोळा चेहरा करून.

मग त्यांच्या कथांचं जर्मन भाषांतर आलं.

खालच्या मजल्यावरची जर्मन आजी एरवी 'मोइन' एवढ्या नमस्कारापुढे बोलत नाही. परवा लिफ्टमध्ये तिने सासूबाईंचा हात प्रेमाने धरला आणि जर्मनमध्ये विचारलं, "बरणी अजून उशाशीच असते का हो?"

"काय म्हणतेय गं ही?" सासूबाईंनी मला विचारलं.

"अहो आई, ती म्हणतेय, तुमची साडी..." मी जमेल तशी थाप रचायला लागले.

मागे लेखिकाबाई उभ्याच होत्या, मान कलती करून.

"अच्छा... फिर?"