नाव ठाऊक नसलेल्या माणसासाठी

दुष्काळाचं वर्ष होतं आणि लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. तहसिलीच्या पाटीवर नव्या रंगाखालून जुन्या जिल्ह्याचं नाव अजून दिसायचं. सिव्हिल प्रशासनाने मदत मागितली, तेव्हा आमच्या इंजिनिअर रेजिमेंटची एक डिटॅचमेंट विहिरी खोल करायला औसा तालुक्यात पाठवण्यात आली. मी हवालदार होतो आणि त्याच तालुक्याचा होतो, म्हणून साहेबांनी मला निवडलं. मराठवाड्याचा दुसरा माणूस म्हणजे माझ्या हाताखालचा नाईक मिलिंद, बिलोलीकडचा. बाकी जवान बाहेरचे. सुभेदार साहेब गढवाली.

काम ठरलेलं. पहाटे पी.टी., चहा, उजाडलं की विहिरीवर. कॉम्प्रेसर लावून खडकात भोकं पाडायची, जिलेटिन भरायचं, वाती पेटवायच्या. शिट्टी, लाल झेंडा, सगळे मागे. धमाका झाला की धूर निवळू द्यायचा आणि मग गावकरी दगड उपसायचे. उन्हात पहारीला हात लावता येत नसे.

मिलिंद बौद्ध घरातला, मॅट्रिक झालेला. वडील लवकर गेले, आईने मजुरी करून वाढवला. कामात चोख. बोलायला लागला की मात्र पंचाईत करायचा. एकदा जेवणानंतर आम्ही लिंबाखाली बसलो होतो. समोरून हाडं वर आलेली जनावरं चाऱ्याच्या छावणीकडे चालली होती.

"उस्ताद, एक इचारू? समजा, उद्या माणूसजातच संपली. धरतीचं काय बिघडंल?"

"काय बिघडेल म्हणजे?"

"काहीच न्हाई. झाडं वाढतील, पाणी मुरंल. आपण निस्ता उपसा करायलोत."

"मग तू ही विहीर कशाला खोदायलास?"

"हुकूम हाय म्हणून." तो हसला. "पण सांगा ना. माणसानं राहावंच, असं कुठं लिवलंय?"

मी उठलो. "ताट घासून ठेव," म्हणालो.

तो चिडून बोलत नव्हता. गणित सुटत नाही म्हणून पोरगं मास्तरला विचारतं, तसं त्याचं विचारणं असायचं. कितीतरी दिवस त्याने तो विषय सोडला नाही.

आमची विहीर होती त्या गावात एक माणूस फिरायचा. कुठून आला, कुणाला ठाऊक नव्हतं. बोलायचा नाही, हाक मारली तर वळायचा नाही. मारुतीच्या पारावर पडून असायचा. तहान लागली की आमच्या विहिरीच्या पायऱ्या उतरून तळाच्या डबक्यातलं गढूळ पाणी ओंजळीने प्यायचा. आम्ही त्याला हाताला धरून बाहेर आणायचो.

एके दिवशी सकाळीच कॉम्प्रेसर बंद पडला. दुरुस्त होईपर्यंत दुपार झाली. भोकं भरली, वाती पेटवल्या, पेटवणारा जवान वर आला. मी शिट्टी दिली. मी रस्त्याच्या बाजूला झेंडा घेऊन होतो, मिलिंद पलीकडे बांधाआड, सुभेदार साहेब मागे रेडिओ सेटपाशी. तेवढ्यात बाभळीच्या कुंपणामागून तो माणूस निघाला आणि सरळ पायऱ्या उतरू लागला.

"रोको उसको!" सुभेदार साहेब ओरडले. मग लगेच, "नहीं! कोई नहीं जाएगा! सब कव्हर में!"

मिलिंद बांध ओलांडून निघाला होता.

"मिलिंद, थांब!" मी ओरडलो. तो पायऱ्यांवरून खाली दिसेनासा झाला.

विहिरीच्या भिंतीत पाण्याचं इंजिन ठेवायला केलेली एक खोबण होती. एका माणसापुरती जागा. मिलिंदने त्याला तळातून ओढत तिथवर आणलं, आत कोंबलं आणि स्वतः पाठ बाहेर करून तिच्या तोंडाशी उभा राहिला. हे मी पाहिलं नाही. दोघे जसे सापडले, त्यावरून कळलं.

धमाका झाला. धूर निवळायची वाट न बघता आम्ही उतरलो. मिलिंद जागीच गेला होता. आतला माणूस जिवंत होता, कपाळाला फक्त खोक पडली होती. त्याच्या डोक्यावर मिलिंदचा हात होता. तो सोडवायला मला जोर लावावा लागला.

वर सुभेदार साहेब सेटवर बोलत होते.

"एक कॅज्युअल्टी. फेटल. नाईक मिलिंद. ओव्हर."

"सिव्हिलियन? ओव्हर."

"एक था. जिंदा है. ओव्हर."

"नाम? ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"नाम किसी को मालूम नहीं. ओव्हर."

सेट खरखरला. मग, "रॉजर. आउट."

बॉडीबरोबर मी गेलो. नांदेडवरून बिलोलीच्या रस्त्याने त्याच्या गावी पोचलो. भंतेजींनी वंदना घेतली, आम्ही सलामी दिली. त्याची आई मोठ्याने रडली, मग डोळे पुसून तिने मला जवळ बोलावलं.

"ज्याच्यापायी गेला, त्यो कोनाचा हाय?"

"कोणाचाच नाही, मावशी. वेडसर आहे. नावही ठाऊक नाही."

हे ऐकून तिला जास्त लागेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "जेवला का त्यो?"

मला ते माहीत नव्हतं.

त्या विहिरीला पाणी लागलं नाही. लोक विचारतात म्हणून सांगतो. पुढच्या दोन विहिरींना लागलं.

काही आठवड्यांनी मिलिंदच्या आईचा निरोप आला, त्या माणसाला बघायचंय. मी रजा टाकली, नांदेडला जाऊन तिला घेतलं आणि एस.टी.ने लातूरमार्गे त्या गावी आणलं. तो पारावरच बसला होता. तिने फडक्यातून भाकर आणि शेंगदाण्याची चटणी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने सगळी खाल्ली. तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती त्याचं खाणं बघत बसली.

गावातला एक म्हातारा जवळ आला. "बाई, राग धरू नका. पन तुमच्या लेकानं जगायला पायजे हुतं. ह्यो वाचून काय झालं? ना गावाच्या कामाचा, ना सवताच्या."

तिने फडकं झटकून त्याची घडी घातली.

"माझं लेकरू जन्मलं तवा कोन्च्या कामाचं हुतं, दादा? निस्तं रडायचं अन् दूध प्यायचं. तरी आमी त्याला जपलंच न्हं?"

म्हातारा खाली बसला. मग त्याने त्या माणसासाठी घरून पाण्याचा तांब्या मागवला.

परतताना नांदेडच्या स्टँडवर बिलोलीची गाडी लागलेली होती. चढण्याआधी ती वळली.

"तुमी हुता न्हं तिथं? जराबी थांबला का त्यो? इचार केला का?"

"नाही, मावशी. मी थांब म्हणून ओरडलो. थांबला नाही."

"हाव. तसाच हुता." तिने पदराने तोंड पुसलं. "बोलाया बसला की जागचा हलायचा न्हाई. अन् कुनी पडलं की पळत सुटायचा, पायात चप्पल बी घालायचा न्हाई."

ती खिडकीशी जाऊन बसली. मी सिव्हिल कपड्यांत होतो, सॅल्यूट करता येत नव्हता. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत सावधान उभा राहिलो.