दोरीवरचा संघ

भिंगारला कामावर जाताना माझी सायकल पलटणीच्या फुटबॉल क्लबापाशी हमखास रेंगाळायची. पत्र्याच्या छपराची बैठी कचेरी, शेजारी सामानाची खोली आणि मागे सरावाचं मैदान. खेळातलं मला काडीचं कळत नसे. मी थांबायचो ते खेळाडूंच्या जर्स्या धुणाऱ्या बाईसाठी.

संघ मैदानात जसा उभा राहतो, तशाच ती जर्स्या वाळत घालायची. गोलकीपरची पिवळी मागच्या दोरीवर एकटी, पुढच्या दोऱ्यांवर बाकीच्या लाल. वारा सुटला की त्यांची पोटं फुगत, बाह्या हलत आणि चेंडूवाचूनच सामना रंगायचा.

एकाहत्तर साली लढाई सुरू झाली आणि संघ सीमेवर गेला. मैदानात कुसळं माजली. जर्स्या मात्र दोरीवर दिसतच राहिल्या.

"मावशी, कुणी घातल्याच नाहीत, मग धुता कशाला?" मी न राहवून विचारलं.

तिने पिवळीची बाही सरळ केली. "पेटीत ठिवल्या की माझाच जीव गुदमरतोय बाबा. वाऱ्यावर टाकल्या, की तेवढीच खेळत्यात पोरं."

उन्हाळ्याच्या तोंडी एका सकाळी मैदानातून आरडाओरडा ऐकू आला. संघ परतला होता. लाल जर्स्या अंगावर चढून धावत होत्या. गोलात मात्र कुणी नवा गडी साध्या बनियनवर उभा होता.

मागच्या दोरीवर पिवळी तशीच होती. वारा अगदी पडला होता. बाई तिच्यापाशी उभी राहून पदराने तिला वारा घालत होती.