मी लिहिलेली अट

स्वस्थ बसणं माझ्या अंगातच नव्हतं. परभणीत वकिलाच्या हाताखाली कारकुनी करता करता मी गावोगावच्या मंडळांचे अनुदानाचे प्रस्ताव लिहून द्यायला लागलो, तेही याच खुमखुमीपायी. फाईल एकदा कचेरीत टाकली की जीव थाऱ्यावर राहायचा नाही. जेवता जेवता उठायचो, सायकल काढायचो, फाईल कोणत्या टेबलापर्यंत सरकली ते बघून यायचो. बायको म्हणायची, "तिथंच अंथरूण टाका की एकदाचं!"

सेलूच्या पुढं एक खेडं आहे. तिथल्या मंडळाची बालवाडी चावडीमागच्या खोलीत भरायची. चालवणारी बाई म्हणजे गावातल्याच एका लहान शेतकऱ्याची सून, सातवी पास. सेलूच्या जिनिंगमधून ओंजळभर सरकी आणायची आणि तिच्यावर पोरांना आकडे शिकवायची. शेंबूड पुसता पुसता गाणं, गाणं म्हणता म्हणता गणित. मी पहिल्यांदा गेलो तर एका पोरानं माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही, सगळी तिच्या तोंडाकडं! तिला पगार नव्हता. संस्थेनं तीन वर्षं आपल्या बळावर काम करून दाखवायचं, मग सरकार अनुदान देणार, असा नियम. मीच तिला म्हणालो होतो, "ताई, तीन वर्षं कळ काढा. मंजुरी आली की बाईची जागा तुमचीच."

तिनं कळ काढली. खुरपणीच्या दिवसांत मजुरी बुडायची, सासू टोमणे मारायची, तरी खोली उघडायचीच. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव पेटलं, एस.टी. बंद झाल्या, शाळा बंद झाल्या. दलित वस्तीतली पोरं भीतीनं येईनात, तर ही स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आली. गावात कुजबुज झाली. तिनं कानाआड केली.

तीन वर्षं भरली आणि मी प्रस्ताव लिहायला बसलो. माझा हात नुसता शिवशिवत होता. कर्मचाऱ्यांच्या रकान्यात नुसतं 'शिक्षिका' लिहिलं तर फाईलला वजन यायचं नाही, असं वाटलं. मी लिहिलं, 'प्रशिक्षित शिक्षिका, किमान दहावी उत्तीर्ण'. कुणी विचारलं होतं का? नाही. अर्जाच्या नमुन्यात शिक्षणाचा उल्लेखसुद्धा नव्हता. नसता शहाणपणा, दुसरं काय! म्हटलं, मंजुरीनंतर कोण बघतंय.

मंजुरी आली. मी उड्या मारत कचेरीत गेलो, कागद तिथंच उभ्यानं वाचला. पहिलीच अट: प्रस्तावात लिहिलेल्या पात्रतेचीच शिक्षिका नेमावी. मी टेबलावरच्या बाबूला म्हणालो, "साहेब, एवढी ओळ खोडून घ्या. चूक माझी आहे." तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "खोडायची तर फाईल परत वर जाईल. खाली कधी येईल, ते मला विचारू नका."

मंडळाचे अध्यक्ष म्हातारे शेतकरी, माणूस भला. सगळं ऐकून टोपी काढून डोकं खाजवत बसले. "तीन वर्सं गाव वाट बघायलंय," ते म्हणाले. "आता आलेलं मागं लावलं तर लोक मला दारात उभं करायचे न्हाईत." मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाईला तुमीच सांगा. माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी गेलो. तिनं चहा ठेवते म्हटलं, मी नको म्हणालो. उंबऱ्यात उभ्या उभ्याच बोललो, "ताई, दहावी लागते. नियम आहे. सरकारपुढं आपलं काय चालतंय?" खोटं बोललो. स्वतःच्या हातानं लिहिलेलं धडधडीत सरकारवर ढकललं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "नियमच हाय म्हणल्यावर काय बोलावं," एवढंच म्हणाली. वाटत होतं, हिनं भांडावं, चार शिव्या घालाव्यात, म्हणजे माझ्या तोंडून खरं बाहेर पडेल. ती भांडली नाही. मीही बोललो नाही. आजही त्याची लाज वाटते.

आठवड्यानं ती परभणीला माझ्या घरी आली. "भाऊ, त्यात मदतनिसाची बी जागा हाय म्हणं. झाडायचं, पाणी भरायचं, पोरं गोळा करायची. तिला शिक्षण लागत न्हाई ना? मग मला तेवढा अर्ज लिहून द्या. पोरांजवळ तरी ऱ्हाईन."

मी खोलीत येरझारा घालायला लागलो. बायको आतून ओरडली, "अहो, बसा की! ती एवढ्या लांबून आली, तुमचं काय चाललंय?" बसलो. अर्ज लिहिला. एक शब्द जास्तीचा घातला नाही. तिनं तो बोट फिरवत सबंध वाचला आणि खाली सही केली. अक्षर सुरेख होतं.

जाताना माझ्या बायकोकडून कुंकू लावून घेतलं आणि म्हणाली, "वैनी, भाऊ होते म्हणून एवढं तरी झालं. न्हाईतर आमच्यासाठी कोण लिवतंय?"