नेपाळला गेलेल्या वाकळा

गेल्या महिन्यात मी आमच्या अख्ख्या महिला मंडळावर भडकले. तेही चर्चच्या आवारात, रविवारची उपासना संपल्या संपल्या... पाळकसाहेब हळूच मागच्या दाराने सटकले.

झालं असं, की नेपाळात भूकंप झाला तेव्हापासून आमचं सांगलीचं चर्च तिथल्या एका अनाथाश्रमाला मदत करतंय. इमारतीला तडे गेलेत, मुलं पत्र्याच्या शेडमध्ये राहतात आणि थंडी तोंडावर आलेली. त्यात मुलं झोपतच नाहीत हो... जरा पत्रा वाजला की किंचाळत बाहेर पळतात.

सगळ्यात धाकटी माया, पाच वर्षांची. ती तर रात्ररात्र बसूनच काढते, असं आश्रम सांभाळणाऱ्या दीदी फोनवर सांगत होत्या.

दीदींनी पांघरुणं मागितली, एकेका खाटेपुरती. मी मंडळाची सेक्रेटरी, त्यामुळे माप सगळ्यांना घोकून घोकून सांगितलं. बायकांनी घरोघरच्या जुन्या साड्या काढल्या, कुपवाडच्या शबानाभाभींनी त्यांच्या शिलाईच्या कारखान्यातल्या चिंध्या पोती भरून दिल्या, आणि वाकळा शिवायला सुरुवात झाली. मी आपली निर्धास्त!

त्या रविवारी घड्या घालायला म्हणून वाकळा आवारात पसरल्या. बघते तर काय... एकेक वाकळ अख्ख्या वऱ्हाडाला पुरेल एवढी!

"मार्थामावशी, अहो माप काय सांगितलं होतं मी?"

मार्थामावशी आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या. कमरेवर हात ठेवून म्हणतात कशा, "अगं बाई, वाकळ काय एकट्यासाठी शिवत्यात व्हय? आमी सात भावंडं एका वाकळेत झोपायचो. हाताला सवय तीच... गेला हात तसाच."

बाकीच्या फिदीफिदी हसायला लागल्या आणि माझं डोकंच फिरलं. तिकडे पोरं थंडीनं कुडकुडतायत आणि इकडे ह्यांचं भलतंच!

उसवून पुन्हा शिवायला वेळ कुठला? विट्याचे एक गलाईवाले दुसऱ्या दिवशी निघणार होते, त्यांचं नेपाळात सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे. (विट्याची माणसं कुठं नाहीत, सांगा!) गठ्ठे तेच नेणार होते. तशाच बांधल्या. दीदींना मेसेज टाकला... माप चुकलंय, माफ करा, कापून दोन-दोन करून घ्या. लाज वाटत होती नुसती.

परवा दुपारी मंडळाची मीटिंग होती. चहा आला, गप्पांना ऊत आला, आणि तेवढ्यात दीदींचा व्हिडिओ कॉल. मी घाबरतच उचलला.

दीदी म्हणाल्या, एकही वाकळ कापली नाही. मुलांनीच खाटा बाजूला सारल्या आणि जमिनीवर अंथरूण घातलं. आता एका वाकळेत पाच-पाच जण झोपतात. कुणी दचकून उठलं की शेजारचं त्याला धरून ठेवतं. गेले कित्येक दिवस कुणी बाहेर पळालेलं नाही.

"आन् ती धाकटी? माया?" मार्थामावशींनी माझ्या खांद्यावरून डोकं घातलं.

दीदींनी ओठांवर बोट ठेवलं आणि फोन फिरवला. दोन मोठ्या मुली, आणि त्यांच्या मधे वाकळेतून बाहेर आलेलं एक इवलंसं डोकं. तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली... भर दुपारी!

आमचं मंडळ म्हणजे बोलायला लागलं की रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. पण त्या पोरीची झोप मोडू नये म्हणून एकेकीने तोंडाला पदर लावला. मार्थामावशींचे डोळे वाहत होते. "नीज गं माझी बाय," एवढंच त्या पुटपुटल्या, तेही अगदी हळू.

मीटिंगच्या शेवटी आम्ही नेहमी मोठ्याने प्रार्थना करतो. परवा कॉल चालूच होता, त्यामुळे देवाचे आभार सगळ्यांनी मनातल्या मनात मानले...